मतभेद आणि शिवीगाळ

वाचकांच्या अभिप्रायांसाठी आमच्या पत्राने उघडलेले दालन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात आम्ही बंद केले. ते का बंद केले, असे विचारणारी पत्रे त्यानंतर सतत येत राहिली. काहींनी आमच्यावर भ्याडपणाचा आरोप केला. काहींनी 'बरे झाले, ती घाण एकदाची गेली' असे म्हणून आमचे अभिनंदन केले. दोन्ही पक्षांना आम्ही आजवर उत्तर दिले नाही, कारण देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. येत्या सोमवारपासून ते दालन पुन्हा उघडत आहे. ते उघडण्यापूर्वी झाल्या प्रकाराची हकीकत वाचकांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे. या हकीकतीत दोष पुष्कळांचा आहे. परंतु पहिला दोष आमचा, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

दादरच्या कबुतरखान्याचा वाद त्या वेळी ऐन भरात होता. महापालिकेने कबुतरखान्यावर ताडपत्री घातली होती, ६ ऑगस्ट रोजी जमावाने ती फाडून काढली होती, आणि प्रकरण उच्च न्यायालयापुढे होते. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी एका निवृत्त मुख्याध्यापिकेचे पत्र आम्ही प्रसिद्ध केले. पत्र जेमतेम बारा ओळींचे होते. पाखरांना दाणे घालणाऱ्यांची भूतदया आपल्याला कळते, पण श्वसनाच्या विकारामुळे डॉक्टरांनी आपल्याला खिडक्या मिटून राहावयास सांगितले आहे. तरी वस्तीपासून दूर एखादी जागा दाण्यासाठी नेमून द्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यात कोणत्याही धर्माचा, जातीचा वा भाषेचा उल्लेख नव्हता. तेच पत्र संगणकावरील आणि फोनवरील आवृत्तीतही गेले आणि त्याखाली वाचकांना आपले मत लिहिण्याची मोकळीक होती.

प्रश्न मुळात आरोग्याचा, फार तर भूतदयेचा. रात्र पडेपर्यंत तो मराठी विरुद्ध गुजराती, जैन विरुद्ध इतर असा झाला. बाईंच्या वयाचा उल्लेख झाला, आजाराची थट्टा झाली, 'म्हातारीला एवढा त्रास होत असेल तर तिनेच वर जावे' असे एका महाभागाने लिहिले आणि त्या वाक्याला पसंतीची खूण करणारे पुष्कळ निघाले. एका वृद्ध जैन गृहस्थांनी मध्ये फार सौम्य शब्दांत लिहिले की, आपले वडील त्याच ठिकाणी दाणे घालीत असत, ती आठवण आपल्याला मोलाची वाटते, तथापि बाईंची अडचण खरी आहे आणि दूरची जागा आपल्याला चालेल. खरे पाहता वाद तेथेच मिटला होता! ज्यांचा प्रश्न होता त्या दोघांचे एकमत झाले होते. परंतु त्या गृहस्थांच्या वाट्याला दोन्ही बाजूंच्या शिव्या आल्या. एका बाजूने ते परके ठरले आणि दुसऱ्या बाजूने फितूर. शेवटी कोणीतरी बाईंच्या इमारतीचे नाव लिहून टाकले.

हे सारे शनिवार-रविवारी घडले आणि त्या दोन दिवसांत आमच्या कार्यालयात ते पाहणारे कोणी नव्हते. सोमवारी सकाळी बाईंचा दूरध्वनी आला. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर आम्हांला बरे वाटले असते. "तुम्ही माझे पत्र छापलेत त्याबद्दल माझी तक्रार नाही," त्या म्हणाल्या, "पण त्याच्या खाली जे छापलेत, ते तुम्ही वाचले होते का?"

आम्ही ते वाचले नव्हते.

वृत्तपत्राच्या धंद्यात याहून लाजिरवाणे उत्तर नाही. बाईंचे बारा ओळींचे पत्र आमच्या दोन सहकाऱ्यांनी वाचले होते, त्यातील एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारली होती, मथळा दोनदा बदलला होता. आणि त्याच पत्राखाली त्यांच्या मरणाची इच्छा करणारे वाक्य आमच्या नावाच्या पाटीखाली अठ्ठेचाळीस तास झळकत होते. ते वाक्य आमचे नव्हे, ते वाचकाचे, असा बचाव आम्हांला करता आला असता. पुष्कळ ठिकाणी तो केला जातो. पण मराठी वृत्तपत्रसृष्टीत काम करणाऱ्या माणसाने तरी तो करू नये. दुसऱ्याच्या लेखणीतून उतरलेल्या मजकुराची किंमत आपल्या थोर पूर्वसूरींनी तुरुंगात जाऊन मोजली आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांची म्हणून जी पत्रे 'केसरी' आणि 'मराठा' यांच्या चालकांनी प्रसिद्धीस आणली ती न्यायालयात बनावट ठरली आणि १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्यांचा हेतू शुद्ध होता याविषयी कोणाला शंका नव्हती. परंतु छापणाऱ्याने छापलेल्याची जबाबदारी घ्यावयाची असते, हा धडा मराठी पत्रकारितेने आपल्या शैशवातच घेतला होता. यंत्र बदलले म्हणून तो धडा जुना होत नाही. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने १६ जून २०१५ रोजी एस्टोनियातील 'डेल्फी' या वृत्तसंस्थळाच्या खटल्यात जवळजवळ हेच सांगितले. एका फेरीबोट कंपनीविषयीच्या बातमीखाली वाचकांनी लिहिलेल्या उघड धमक्या आणि अपशब्द सहा आठवडे तसेच राहिले होते. दंड झाला अवघा ३२० युरोंचा, पण नफ्यासाठी असे व्यासपीठ चालविणाऱ्या मोठ्या संस्थेला 'ते आमचे शब्द नव्हेत' असे म्हणून हात झटकता येणार नाहीत, असा निर्णय न्यायालयाने कायम ठेवला.

आता काही वाचक म्हणतील, पूर्वीच्या काळी असे नव्हते; पूर्वी वाद कसे सभ्यतेने होत. या समजुतीला आमचा पाठिंबा नाही. मराठी वाङ्मयातला वाद कधीच सोवळ्यात नव्हता. निबंधमालाकार चिपळूणकरांची लेखणी प्रतिपक्षाला गोंजारीत नसे. आगरकरांची त्यांच्या हयातीतच प्रेतयात्रा काढणारे लोक पुण्यातलेच होते आणि ते निरक्षर नव्हते. आणि आचार्य अत्र्यांचा 'मराठा' ज्यांनी रोज सकाळी वाचला आहे, त्यांना सौम्य मराठीचे कौतुक कोणी सांगू नये! तिखटपणाला आमचा विरोध नाही. गुळमुळीत लिहिणाऱ्यांचीच जर आम्हांला आवड असती तर हा अग्रलेख लिहिण्याऐवजी आम्ही ते दालन कायमचे बंद केले असते.

प्रश्न तिखटपणाचा नव्हे, तर तिखट कशावर टाकले जाते याचा आहे. टिळक आणि आगरकर यांच्यात १८८७ नंतर जे वितुष्ट आले त्याला मराठीत तोड नाही. 'केसरी' आणि 'सुधारक' यांनी एकमेकांवर केलेले प्रहार आजही वाचताना बोचतात, आणि त्यांतले काही व्यक्तिगत पातळीवर उतरलेले आहेत हे मान्य केलेच पाहिजे. तरीही त्या वादाच्या मुळाशी एक प्रश्न होता : सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य, आणि समाजाच्या रूढीत सरकारी कायद्याने हात घालावा की नाही. तो प्रश्न वाचणाऱ्याच्या डोक्यात राही. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले तेव्हा त्यांच्यावरील मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात. आमच्या त्या दालनात लिहिणाऱ्या कितीजणांना आपण कोणाशी भांडलो हे आठवडाभराने तरी आठवत असेल?

आपल्या शास्त्रकारांनी या बाबतीत मोठी सूक्ष्म वाटणी करून ठेवली आहे. न्यायसूत्रांत 'वाद', 'जल्प' आणि 'वितंडा' असे तीन भेद सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे केलेली चर्चा तो वाद. जिंकणे हाच हेतू धरून, वेळप्रसंगी शब्दच्छल करूनही केलेली चर्चा तो जल्प. आणि स्वतःचा असा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे मोडीत काढीत सुटणे ती वितंडा. आज आपण ज्याला सर्रास 'वाद' म्हणतो त्यातला बहुतेक भाग जल्पात मोडतो. पण बाईंच्या पत्राखाली जे झाले ते वितंडेच्याही वर्गात बसत नाही. वितंडवाद्याला निदान समोरच्याचे म्हणणे ऐकावे लागते. येथे पत्र पुरते वाचलेलेच नव्हते! 'दाणे घालणे बंद करा' असे बाईंनी कोठेही म्हटले नसताना त्या वाक्याचा निषेध करणारे शेकड्यांनी निघाले.

वृत्तपत्रात येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळेत मराठी शिकवीत होतो. दर शनिवारी शेवटच्या तासाला वादसभा असे आणि तिचा एकच नियम आम्ही कटाक्षाने पाळीत असू. आधीच्या मुलाने काय मांडले ते पुढच्या मुलाने आपल्या शब्दांत सांगावयाचे. पहिल्याने 'होय, मला हेच म्हणायचे होते' असे कबूल केले म्हणजे मग दुसऱ्याने खंडनास सुरुवात करावयाची. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही आपली जुनीच रीत. गंमत अशी की, त्या एका नियमाने निम्मी भांडणे जागच्या जागी विरत. मुलगा खंडनास म्हणून उठे आणि समोरच्याचे म्हणणे सांगता सांगता त्याचा चेहरा पडे, कारण ते त्याला पटू लागलेले असे. नियमाचा कंटाळाही मुलांना फार येई, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आणि घंटा होण्यापूर्वी पाच मिनिटे तो मोडीत निघे.

नॉर्वेच्या सरकारी नभोवाणीच्या 'एन.आर.के. बीटा' या तंत्रज्ञानविषयक विभागाने २०१७ साली नेमकी हीच युक्ती केली. लेखाखाली मत लिहू इच्छिणाऱ्याला त्याच लेखावरचे तीन सोपे प्रश्न सोडवावे लागत. उत्तरे बरोबर आली तरच लिहिण्याची चौकट उघडे. लेख वाचला असल्याखेरीज कोणी त्यावर बोलू नये, एवढाच हेतू. उत्तरे देण्यात जी काही क्षणांची उसंत जाते तेवढ्यात संताप थोडा निवतो, हा दुसरा लाभ. एखाद्या जुन्या मास्तरानेच ही कल्पना सुचविली असावी अशी आमची खात्री आहे.

'टोपणनावे बंद करा, सारे आपोआप सुधारेल' असा उपाय आम्हांला पुष्कळांनी सुचविला. तो आम्हांला पटत नाही. १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रातून ज्यांनी शंभरावर पत्रे लिहिली आणि आपल्याच समाजाचे कान उपटले, ते गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि त्यांनी 'लोकहितवादी' हे नाव घेतले होते. टोपणनावाला त्या वेळी बंदी असती तर शतपत्रे मराठीत अवतरली असती की नाही याची शंका आहे. आजही एखादी परिचारिका रुग्णालयातल्या गैरकारभाराविषयी, किंवा एखादी सून आपल्या घराविषयी लिहिते तेव्हा तिला नावाच्या आडोशाची गरज असते. शिवाय हा उपाय प्रत्यक्षात करून पाहिलेला आहे. दक्षिण कोरियाने २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांना खऱ्या ओळखीची सक्ती केली. शिवीगाळ म्हणावी तशी कमी झाली नाही. उलट २०११ साली एका कंपनीकडे जमा झालेली सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तेथील घटनान्यायालयाने तो कायदाच रद्द केला. आणि खरे सांगावयाचे तर, बाईंना मरण चिंतणारा तो महाभाग आपल्या खऱ्या नावाने, आपले छायाचित्र लावून लिहीत होता. त्या छायाचित्रात त्याच्या कडेवर मूल होते.

दुसरा उपाय दालनास कायमचे कुलूप लावण्याचा. अमेरिकेच्या 'नॅशनल पब्लिक रेडिओ'ने २०१६ साली तेच केले. त्यांनी दिलेला हिशेब विचार करण्यासारखा आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात त्यांच्या संकेतस्थळावर जवळजवळ ३ कोटी ३० लाख लोक येऊन गेले आणि ४ लाख ९१ हजार अभिप्राय लिहिले गेले. परंतु ते लिहिणारे लोक होते अवघे १९,४००. म्हणजे दहा हजारांत सहा! जो गोंगाट ऐकून 'लोकमत असे आहे' असे आपण म्हणतो तो एका लहानशा सभागृहात मावणाऱ्या मंडळींचा असू शकतो. आणि तो कोणाच्या कानाशी होतो? लंडनच्या 'गार्डियन'ने २००६ पासून आलेल्या सुमारे ७ कोटी अभिप्रायांची २०१६ साली छाननी केली. सर्वाधिक शिवीगाळ ज्यांच्या वाट्याला आली त्या दहा लेखकांत आठ स्त्रिया होत्या आणि उरलेले दोघे कृष्णवर्णीय पुरुष. सर्वांत कमी ज्यांना सोसावी लागली ते दहाही पुरुष. आमच्या बाईंचा अनुभव त्यांच्या एकटीचा नाही. स्त्रीने जाहीर मत मांडले की मताला उत्तर न देता तिच्या वयाला, रूपाला आणि घराला उत्तर द्यावयाचे, ही खोड सर्वत्र सारखीच आहे. अशा शब्दांना मुभा देणे म्हणजे मतस्वातंत्र्य राखणे, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या मुभेमुळे किती जणी गप्प बसल्या याचाही हिशेब मांडावा.

तिसरा उपाय पोलिसांचा. त्याचे नाव काढताच आमच्या अंगावर काटा येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे '६६ अ' हे कलम वाचकांना आठवत असेल. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर चार शब्द लिहिले म्हणून पालघरच्या एका तरुणीस आणि ते नुसते पसंत केले म्हणून तिच्या मैत्रिणीस अटक झाली होती. त्यांच्या त्या शब्दांत शिवी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, ते कलम घटनाबाह्य ठरविले हे योग्यच झाले. 'त्रासदायक' आणि 'अपमानकारक' असले मोघम शब्द फौजदाराच्या हाती दिले की पहिला बळी शिवराळ माणसाचा जात नाही. तो गैरसोयीचे बोलणाऱ्याचा जातो. धमकी, बदनामी, खाजगी पत्ता उघड करणे यांसाठी कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. परंतु असभ्यतेचा बंदोबस्त ज्याच्या ओटीवर ती घडते त्या घरमालकाने करावयाचा असतो.

आणि घरमालकाने तो आजवर का केला नाही? येथे आमच्या व्यवसायातली एक गोष्ट वाचकांस सांगितली पाहिजे, जी आम्ही सहसा सांगत नाही. ज्या पत्राखाली भांडण पेटते तेथे माणसे पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक फेरी मोजली जाते आणि त्या मोजणीवर जाहिरातीचे दर ठरतात. बाईंच्या पत्राचे ते दोन दिवस आमच्या जाहिरात विभागाच्या दृष्टीने त्या महिन्यातले उत्तम दिवस होते. हे कोणी जाणूनबुजून घडविले नाही. परंतु जे आपोआप घडते आणि त्यातून पैसा येतो, ते थांबविण्याची घाई कोणाला नसते. आमच्या कार्यालयात ती आम्हांलाही नव्हती.

म्हणून सोमवारपासून व्यवस्था बदलत आहे. आलेला प्रत्येक अभिप्राय प्रसिद्ध होण्यापूर्वी माणूस वाचील, यंत्र नव्हे. त्यासाठी दोन उपसंपादकांची स्वतंत्र नेमणूक केली आहे. त्यामुळे सर्वच मजकुरावर मत लिहिता येणार नाही; रोज चार-पाच विषय खुले राहतील आणि रात्री नऊ वाजता ते बंद होतील. शनिवार-रविवारी जितके वाचून होईल तितकेच प्रसिद्ध होईल. खरे नाव आणि दूरध्वनी क्रमांक आमच्यापाशी राहील. छापताना टोपणनाव हवे असल्यास ते मिळेल. मताची चिरफाड हवी तेवढी करा. मत मांडणाऱ्याची जात, भाषा, वय, शरीर आणि घरदार यांना हात लावलेला मजकूर परत जाईल आणि का परत गेला ते लिहिणाऱ्याला एका ओळीत कळविले जाईल. आमच्यावरील टीकेला हाच नियम, मात्र एका सवलतीसह : आमच्या वयावर आणि अकलेवर कोणी घसरला तरी ते आम्ही छापू. संपादकाला तेवढी कातडी असावी लागते.

या व्यवस्थेत चुका होतील. एखादा रोखठोक अभिप्राय चुकून अडेल, एखादे विखारी वाक्य सभ्य शब्दांचा अंगरखा घालून आत शिरेल. सभ्य शब्दांत केलेला अपमान ओळखणे शिवी ओळखण्यापेक्षा कितीतरी अवघड, आणि मराठीत तर ही कला पुष्कळांना उत्तम साधलेली आहे! विशेषतः पुण्यामुंबईच्या सुशिक्षित वर्गाने, म्हणजे आपणच, कुजकेपणालाच सभ्यता समजण्याची चूक वर्षानुवर्षे केली आहे. आमचे उपसंपादकही त्याच वर्गातून आलेले आहेत. त्यांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागावयाची असेल तर संपादकांच्या नावे लिहावे. दर पंधरवड्याला अशा तक्रारींतील निवडक तक्रारी, आमच्या चुकीच्या कबुलीसह किंवा समर्थनासह, आम्ही प्रसिद्ध करू.

गेल्या आठवड्यात आम्ही बाईंना भेटावयास गेलो होतो. नवे नियम त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि तिसऱ्या ओळीतली विरामचिन्हाची चूक दाखविली. पुन्हा पत्र लिहाल का, असे विचारता त्या लगेच काही बोलल्या नाहीत. "ते जैन गृहस्थ लिहिणार आहेत का?" एवढेच त्यांनी विचारले. त्यांच्याशी आमचा संपर्क झालेला नाही. त्यांनी हे वाचले तर कार्यालयात अवश्य कळवावे.